फवारणीआधी पाय मोजा: लोणी देवकरच्या ग्रामसभेस खुले पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि समस्त ग्रामस्थ,
ग्रामपंचायत लोणी देवकर, ता. इंदापूर, जि. पुणे



आपल्या ग्रामपंचायतीच्या पुढच्या विकास आराखड्यात एक अगदी लहान बाब धरावी, अशी विनंती करायला हे पत्र लिहीत आहे. रस्ते, गटारे, हायमास्ट दिवे यांच्या यादीत ती शोभून दिसणार नाही आणि तिच्या उद्घाटनाला कोणी नारळही फोडणार नाही. वीस-पंचवीस कागदी सूक्ष्मदर्शक, तितकीच दहापट मोठे दाखवणारी हातभिंगे, काचपट्ट्या, पारदर्शक चिकटपट्टीची काही रिळे आणि एक जाड नोंदवही, एवढे साहित्य गावाने विकत घ्यावे, शाळेत ठेवावे आणि शेतात वापरावे. मागणी क्षुल्लक वाटेल, पण तिच्यामागचे कारण तसे नाही. ऊस, मका, डाळिंब, कांदा, भाजीपाला अशी पिके असलेल्या आपल्या पट्ट्यात किडींवर हंगामभर पैसा ओतला जातो आणि त्यातला बराचसा, किडा नेमका कोणता आहे हे कोणीही नीट न पाहता ओतला जातो. पान वाकडे झाले, फूल गळाले, शेंडा सुकला की औषध आणले जाते. ज्याच्यासाठी आणले तो जीव मात्र कोणाच्या डोळ्यांसमोर आलेला नसतो. कीड ओळखण्याचा डोळा बारामतीत किंवा पुण्यात आहेच, पण तो गावाच्याही मालकीचा असला पाहिजे, एवढेच मला मांडायचे आहे.

मिरचीच्या बोकड्याचेच घ्या. पाने आकसतात, झाड खुरटते, आणि शेतकरी चुरडा-मुरडा आला म्हणून दुकानात जातो. पण मिरचीचे पान वाकडे करणारे गुन्हेगार किमान तीन आहेत. फुलकिडे रस खरवडून पितात तेव्हा पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात. पांढरा कोळी असेल तर कडा खाली वळतात. आणि पांढऱ्या माशीने विषाणू आणला असेल तर पान वळते तसे पिवळेही पडते, झाड कायमचे बसते. फुलकिडा सुमारे एक मिलिमीटर लांब असतो. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला तर तो चालताना दिसतो. पांढरा कोळी त्याच्या एक-पंचमांश. चांगल्या नजरेच्या माणसालाही तो दिसत नाही. आता फरक असा की फुलकिडा हा कीटक आहे आणि कोळी हा कीटकच नव्हे. तो विंचू-कोळ्यांच्या कुळातला. पुष्कळशी कीटकनाशके कोळ्यावर चालत नाहीत, त्याला वेगळे कोळीनाशक लागते. इतकेच नाही, कोळ्यांना खाऊन टाकणारे दुसरे भक्षक कोळी आणि लहान ढालकिडे कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनी आधी मरतात, त्यामुळे फवारणीनंतर कोळी पूर्वीपेक्षा जास्त वाढल्याचे अनेक पिकांत दिसून आले आहे. म्हणजे चुकीच्या ओळखीवर केलेली फवारणी वाया जाते एवढ्यावर भागत नाही, ती कीड वाढवते. आणि हा सगळा निवाडा कशावर? पायांवर. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या कोळ्यालाही सहाच पाय असतात, म्हणून खात्रीसाठी मिशा पाहाव्यात: कीटकाला मिशा असतात, कोळ्याला कोणत्याच वयात नसतात. पाचवीतले पोर हे पाहू शकते. फक्त त्याच्या हातात भिंग हवे.

कीटकाची शरीररचना हा परीक्षेपुरता पाठ करायचा विषय आहे असा आपल्याकडे समज आहे. डोके, वक्ष, उदर, सहा पाय, आकृती काढा, नावे द्या, संपले. वास्तविक शेतकऱ्यासाठी किड्याचे तोंड हे औषधाच्या डब्यावरच्या मजकुराइतकेच महत्त्वाचे आहे. अळीला कात्रीसारखे आडवे चालणारे जबडे असतात. ती पानच गिळते, म्हणून पानावर बसलेले विष तिच्या पोटात जाते. माव्याला जबडे नसतातच. त्याच्या सोंडेत केसाहून बारीक सुया असतात, त्या तो पानाच्या शिरेत खुपसतो आणि आतला रस ओढतो. पानाच्या पृष्ठभागावरचे पोटविष त्याला शिवतही नाही. त्याच्यासाठी औषध एकतर अंगावर पडले पाहिजे किंवा झाडाच्या रसात उतरले पाहिजे. फुलकिड्याचे तोंड तर या दोघांहून चमत्कारिक. त्याचा उजवा जबडा वाढलेलाच नसतो. उरलेल्या एकट्या डाव्या जबड्याने तो पेशीला भोक पाडतो आणि मग तिच्यातला रस शोषतो. कांद्याच्या पातीवर चंदेरी चट्टे पडतात ते या रिकाम्या झालेल्या पेशींत हवा शिरल्यामुळे. त्याच पातीवर करप्याचेही चट्टे पडतात, आणि तो बुरशीचा रोग आहे, त्याला बुरशीनाशक लागते. दोन्हींच्या भीतीने एकाच टाकीत दोन-तीन औषधे मिसळून मारण्याची रीत पडली आहे. चट्टा पडलेल्या पातीचा बेचक्याकडचा तुकडा भिंगाखाली धरून तिथे झालरीसारखे पंख असलेला पिवळसर जीव सापडतो का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. तीच गोष्ट श्वासाची. अळी नाकाने श्वास घेत नाही. तिच्या अंगाच्या दोन्ही कुशींना भोकांची रांग असते आणि त्या भोकांतून हवेच्या नळ्या शरीरभर पसरतात. इटलीतल्या मार्चेल्लो मालपिगी याने रेशीमकिडा चिरून, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून या नळ्यांचे वर्णन १६६९ मध्ये छापले. तेलाचा किंवा साबणाच्या पाण्याचा फवारा मऊ अंगाच्या किडींवर का चालतो आणि तो किडीच्या अंगावर नीट बसलाच का पाहिजे, हे त्या भोकांची रांग एकदा पाहिली की निराळे सांगावे लागत नाही.

आपल्या भागाला हे पटवून द्यायला परदेशात जायची गरज नाही. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातल्या उसावर पसरला. पानाच्या खालच्या बाजूला कापसासारखा पांढरा थर, वरच्या बाजूला चिकटा आणि त्यावर वाढलेली काळी बुरशी, हे दृश्य जुन्या ऊसकऱ्यांच्या अजून लक्षात असेल. पहिला धक्का बसला तेव्हा लोकांनी भुकटी धुरळली, फवारे मारले. दहा-बारा फूट उंच उसात शिरून पानाच्या खालच्या बाजूला औषध पोहोचवणे म्हणजे काय असते ते आपण जाणता. पण तो मावा आटोक्यात आणण्यात मोठा वाटा मित्रकीटकांचा होता. कोनोबाथ्रा किंवा डिफा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पतंगाची अळी, मायक्रोमस नावाचा भुरकट जाळीदार पंखांचा कीटक, आणि पुढे ईशान्येकडून आणून सोडलेली एनकार्सिया ही अतिसूक्ष्म माशी. आता गंमत, खरे तर गंमत नव्हे, ती अशी की डिफाची अळी माव्याच्या पांढऱ्या लोकरीतच जाळे विणून राहते. उघड्या डोळ्यांना दिसते ती उसाच्या पानावरची आणखी एक अळी. आणि अळी दिसली की ती मारायची हे आपल्या हाडीमासी खिळले आहे. मायक्रोमसचे पिल्लू दोन्ही टोकांना निमुळते, भुरके, वळवळणारे. त्याला पाहून कोणाला प्रेम वाटणार नाही. भिंगाखाली मात्र त्याचे तोंड दिसते: पुढे आलेले, विळ्यासारखे वाकलेले दोन पोकळ जबडे. हे जबडे पान कुरतडायचे नाहीत, हे पाहणाऱ्याला लगेच कळते. ते माव्याच्या अंगात रुततात आणि त्याच पोकळीतून मावा रिकामा केला जातो. पान खाणारा कोण आणि पान खाणाऱ्याला खाणारा कोण, हे तोंडावरून ठरते. गावात दहा माणसांनी जरी हे तोंड पाहिलेले असेल तरी पुढच्या वेळी लोकरी मावा आल्यावर पंप उचलण्याआधी एक प्रश्न विचारला जाईल.

ट्रायकोकार्डाचेही तसेच. उसाच्या खोडकिडीसाठी, मक्यावरच्या अळ्यांच्या अंड्यांसाठी ही कार्डे कारखान्यांकडून, कृषी विज्ञान केंद्राकडून किंवा खासगी प्रयोगशाळांकडून मिळतात. एका कार्डावर सुमारे वीस हजार अंडी, तीही तांदळातल्या पतंगाची, आणि प्रत्येक काळ्या पडलेल्या अंड्यात ट्रायकोग्रामा नावाची अर्ध्या मिलिमीटरहून लहान माशी वाढत असते. शेतकरी कार्डाचे तुकडे करून पानाच्या मागे टाचतो. त्यानंतर काय झाले हे बहुधा त्याला कधीच कळत नाही. कार्ड शिळे होते का, उन्हात पडून माश्या आतच मेल्या का, की त्या निघाल्या पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या बांधावरून आलेल्या औषधाच्या वाऱ्याने मेल्या? खोडकीड राहिली की निष्कर्ष एकच निघतो: कार्डात काही दम नाही. कार्डाचा एक तुकडा आठवड्याने परत आणून भिंगाखाली धरला तर उत्तर लिहून ठेवल्यासारखे मिळते. काळ्या अंड्याला गोल, स्वच्छ काठाचे भोक असेल तर माशी बाहेर पडली. अंडे काळे पण अखंड असेल तर ती आतच राहिली. बाहेर पडलेली एखादी माशी चिकटपट्टीवर सापडली तर कागदी सूक्ष्मदर्शकाच्या १४० पटीच्या भिंगातून तिच्या पंखांवरचे बारीक केस ओळीओळीने मांडलेले दिसतात, डोळे लालभडक दिसतात, आणि नराच्या मिशांवरचे लांब केस पाहून नर-मादीही सांगता येते. शंभर अंड्यांत किती भोके, एवढा आकडा दहा शेतकऱ्यांनी नोंदवहीत लिहिला तर कार्ड पुरवणाऱ्याशी गावाला जे बोलायचे ते पुराव्याने बोलता येईल.

ज्याला हा सगळा बारीकसारीक किडेशोध वाटतो त्याने पुण्याचे १८९७ साल आठवावे. प्लेग आला, ब्रिटिश अधिकारी रँडच्या अमलाखाली सैनिक घरात शिरले, माणसे बाहेर काढली गेली, सामान जाळले गेले, भिंतींना चुना आणि फरशीला जंतुनाशक लागले. या शहराने त्याची जी किंमत मोजली ती इतिहासात नोंदलेली आहे. त्या वेळी प्लेगचा जंतू माहीत होता. तो माणसापर्यंत कसा येतो हे माहीत नव्हते. उंदरावरची पिसू तो पोहोचवते, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने याच उपखंडात काम करून १८९८ मध्ये मांडले, तेव्हा त्याच्यावर फार थोड्यांनी विश्वास ठेवला. १९०५ नंतर मुंबईत प्लेग संशोधन आयोगाने पिसवांवर शिस्तीने प्रयोग केले तेव्हा ते सिद्ध झाले. आणि पिसू चावताना नेमके काय होते, तर तिच्या घशाखालच्या काटेरी झडपेत जंतूंचा बोळा बसतो, गिळलेले रक्त पुढे जात नाही आणि जंतूंसह परत जखमेत येते, हे बॅकॉट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये पिसू चिरूनच दाखवले. म्हणजे एका शहराला चुना फासणारी यंत्रणा सज्ज होती, पण मिलिमीटरभर किड्याचा घसा कोणी पाहिला नव्हता. आपल्या शेतातला प्रश्न प्लेगइतका भीषण नाही, हे उघड आहे. पण न पाहता उपाय करण्याची सवय तीच आहे.

आता साधनाबद्दल. मी ज्या कागदी सूक्ष्मदर्शकाबद्दल बोलतो आहे त्याचे नाव फोल्डस्कोप. आयआयटी कानपूरमधून शिकून अमेरिकेत गेलेले, स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनु प्रकाश आणि त्यांचे विद्यार्थी जिम सिबुल्स्की यांनी तो घडवला. त्यावरचा शोधनिबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१५ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने तो भारतभर पोहोचवण्यासाठी त्यांच्या प्रयोगशाळेशी करार केला. जाड, पाण्याने न भिजणारा कागद घडी घालून जोडायचा, त्यात काचेचा एक मणी बसवायचा, झाले. वजन दहा ग्रॅमच्या आत. वीज लागत नाही. मोठे करून दाखवण्याचे सारे काम तो मणी करतो. मणी जितका लहान तितका तो अधिक मोठे दाखवतो. सुमारे अडीच मिलिमीटरचा मणी १४० पट दाखवतो. यात नवे तत्त्व काही नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेवेनहूक सतराव्या शतकात असल्याच एका भिंगातून जिवाणू पाहत होता. नवे आहे ते स्वस्त आणि सारखे बनवण्याचे कौशल्य. डाळिंबाच्या एका एकरावर एक फवारणी करायला मजुरीसह जो खर्च येतो त्यात असे दोन-चार फोल्डस्कोप येतात.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण विक्रेते त्या सांगत नाहीत. १४० पट म्हणजे अख्खा भुंगा दिसेल असे नव्हे. भुंग्याच्या पायाचे टोक दिसेल. उजेड वस्तूतून आरपार गेला तरच दिसते, म्हणून पंख, मिशा, फुलकिडा, माव्याचे पिल्लू, अळीची टाकलेली कात हे सुंदर दिसते आणि जाड, काळा किडा म्हणजे नुसता डाग. मण्यापासून वस्तूचे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवावे लागते. हात थरथरला की चित्र हरवते. म्हणूनच मी त्याच्या जोडीला दहापटीचे साधे हातभिंग मागतो आहे. मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीच्या कपाळावरचा उलटा वाय आणि शेपटीकडच्या भागावरचे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके पाहायला हातभिंगच पुरते, तिथे फोल्डस्कोप कुचकामी. ही अळी भारतात मे २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम नोंदली गेली आणि काही महिन्यांत आपल्या मक्यावर, उसावर आली. तेव्हा तिला नेहमीची लष्करी अळी समजून किती दिवस वाया गेले असतील याचा अंदाज आपणच करावा.

यावर जे आक्षेप येतील त्यातला पहिला मला आत्ताच ऐकू येतो: शाळेला प्रयोगसाहित्य आधीही मिळाले आहे, ते कपाटात आहे. हा आक्षेप खरा आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. पण साहित्य कपाटात का जाते? पितळी नळीचा जाडजूड सूक्ष्मदर्शक हजारो रुपयांचा असतो, तो जडसंग्रह नोंदवहीत चढतो, फुटला तर शिक्षकाच्या अंगावर येतो; म्हणून शहाणा शिक्षक त्याला कुलूप लावतो आणि तपासणीच्या दिवशी बाहेर काढतो. स्वस्त वस्तूचा फायदा इथेच आहे. तिला कुलूप लावायचे कारण उरत नाही. निर्मात्यांनी हा कागदी सूक्ष्मदर्शक तिसऱ्या मजल्यावरून टाकून आणि पायाखाली तुडवून पाहिला, तो चालत राहिला. तरीही हे मान्य केले पाहिजे की नुसते साधन दिले तर दोन आठवडे पोरे साखरेचे दाणे आणि स्वतःचा केस पाहतील आणि मग कंटाळतील. त्याला काम हवे. आठवड्याला तीन शेते, प्रत्येक शेतातली ठरावीक झाडे, पाने झटकून काय सापडले त्याची नोंद, एवढे ठरलेले काम असेल तर साधन जिवंत राहते.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. आता फोटो काढून पाठवला की अ‍ॅप कीड सांगते, शिवाय बारामतीला कृषी विज्ञान केंद्र आहे, माळेगाव खुर्दला अजैविक ताण संस्था आहे, कृषी खात्याचा क्रॉपसॅप प्रकल्प २००९ पासून किडींवर लक्ष ठेवून आहे. मग गावाने हा उद्योग कशाला करायचा? यातली कोणतीच गोष्ट मला कमी लेखायची नाही. पण अ‍ॅपला जो फोटो जातो त्यात फुलकिडा हा एक धूसर ठिपका असतो आणि पांढरा कोळी तर नसतोच. अ‍ॅप मग पानाच्या वाकडेपणावरून अंदाज करते, म्हणजे आपण जे करतो तेच. फोल्डस्कोप चुंबकाच्या चकतीने मोबाइलच्या कॅमेऱ्याला चिकटतो. त्यातून काढलेला मिशांचा, पायांचा फोटो बारामतीच्या शास्त्रज्ञाकडे गेला तर तो खात्रीने सांगू शकेल. शास्त्रज्ञाला गावात आणण्यापेक्षा किडा त्याच्यापर्यंत नीट पोहोचवणे सोपे आहे. क्रॉपसॅपचे निरीक्षण निवडक पिकांचे आणि निवडक प्लॉटचे असते. आपल्या बांधावरची मिरची त्यात नाही. आणि सुकलेली फांदी पिशवीत घालून बारामती गाठेपर्यंत अर्धा दिवस मोडतो, तोवर फांदीवरचे जीव कुठल्या कुठे गेलेले असतात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: पोरांनी चुकीची कीड सांगितली आणि बाग गेली तर जबाबदार कोण? उत्तर असे की पोरांनी औषध सांगायचेच नाही. पाय किती, मिशा आहेत का, पंख आहेत का, अंडे फुटले आहे का, एवढेच त्यांनी पाहायचे आणि लिहायचे. निर्णय शेतकऱ्याचा, सल्ला कृषी सहायकाचा. आणि सध्या ओळख कोण पटवतो ते पाहा. बहुतेक वेळा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, जो विकतो तोच निदान करतो. दुकानदार सगळे लबाड असतात असे मी म्हणणार नाही. अनेक जण कृषी पदवीधर आहेत, अनेकांनी देसी नावाचा वर्षभराचा अभ्यासक्रम केला आहे. पण त्यांच्यासमोर येते ते एक कोमेजलेले पान आणि घाईत असलेला माणूस. त्या माणसाने ‘आठ पाय आहेत, मिशा नाहीत’ असे सांगितले तर प्रामाणिक दुकानदाराचे काम सोपे होईल आणि अप्रामाणिकाचे अवघड.

जीव मारून पाहणे बरे नव्हे, असेही कोणी म्हणेल. पालखीच्या वाटेवरच्या तालुक्यात ही भावना असणे मी समजू शकतो. पण सूक्ष्मदर्शकासाठी जिवंत किडा मारावाच लागत नाही. सकाळी शाळेच्या दिव्याखाली मेलेले किडे पडलेले असतात, पानावर अळ्यांनी टाकलेल्या काती असतात, कोळ्याच्या जाळ्यात रिकामी कवचे लटकत असतात. कातीत तर पाय, मिशा, तोंड, श्वासाची भोके सारे जसेच्या तसे उमटलेले असते. उलट एका अनावश्यक फवारणीत मधमाश्यांसह किती जीव जातात याचा हिशेब कोणी मांडत नाही. माणसांचाही धोका लहान नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जी फवारणी ओळख पटल्यामुळे टळते, ती पंप पाठीवर घेणाऱ्याचीही टळते.

शेतीव्यतिरिक्त एक काम थेट ग्रामपंचायतीचे आहे. डास वाढले की धूरफवारणीची मागणी होते आणि ती केल्याचे समाधानही सर्वांना मिळते. पण उजनीच्या पाणलोटात संध्याकाळी दिव्याभोवती जे थवे घोंघावतात त्यांत न चावणारी चिलटेही असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात केशवनगर-खराडीच्या बाजूला नदीवर किड्यांची वावटळ उठली, तिची चित्रफीत ‘डासांचे वादळ’ म्हणून देशभर फिरली. ती कायरोनोमिड कुळातली, न चावणारी चिलटे असावीत असे अभ्यासकांचे म्हणणे पडले. डासाच्या पंखाच्या शिरांवर खवले असतात आणि मादीला लांब सोंड असते, जिच्या आवरणात सहा सुया दडलेल्या असतात. या चिलटाला ना खवले ना सोंड. त्याची अळी गाळात राहते आणि लाल असते. पाण्याच्या टाकीतल्या डासाच्या अळ्याही बोलतात: शेपटाकडची नळी पाण्याबाहेर काढून डोके खाली लटकवणारी अळी एडिस किंवा क्युलेक्सची, नळी नसलेली आणि पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहणारी अॅनोफिलिसची, म्हणजे हिवतापाची. डेंग्यूचा एडिस घरातल्या साठवणीच्या पाण्यात वाढतो. धुराच्या यंत्राने तो संपत नाही, रांजण कोरडा केल्याने संपतो. पंचायतीने धुरावर खर्च करण्याआधी शाळेकडून आठ दिवसांचा अळ्यांचा अहवाल मागवावा.

शाळेने गावाला अशी सेवा द्यावी हा विचार माझा नाही. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच पायावर: मुलांनी हाताने काम करावे, गावाला लागणाऱ्या सेवा द्याव्यात आणि त्यातून विज्ञान शिकावे. माती तपासणे, पाणी तपासणे हे तिथल्या शिक्षणाचा भाग झाले. किडा तपासणे त्यात सहज बसते. पैशाचे म्हणाल तर वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून गावाच्या गरजेचे असे काम आराखड्यात घेता येते. ते अडत असेल तर गावाच्या नावाने एमआयडीसी उभी आहे; कंपनी कायद्याने ज्यांच्यावर सामाजिक दायित्वाचा खर्च बंधनकारक आहे अशा कंपन्यांना शिक्षणावर खर्च करायला काहीच आडकाठी नाही, आणि त्यांच्या लेखी ही रक्कम चहापाण्याची आहे. मात्र कंपनीने दिले तरी नोंदवही गावाची राहावी.

ग्रामसभेत हा विषय आला तर ठरावात चार गोष्टी लिहाव्यात. साहित्य मुलांना घरी आणि शेतात नेता येईल, मोडल्यास भरपाई घेतली जाणार नाही. दर महिन्याच्या नोंदी पंचायतीच्या फलकावर लागतील, शेताच्या मालकाचे नाव न टाकता. कृषी सहायकाने महिन्यातून एकदा त्या नोंदी पाहून सही करावी आणि शंकेचे नमुने बारामतीला पाठवावेत. आणि धूरफवारणीचे बिल मंजूर करताना त्या आठवड्याचा अळ्यांचा अहवाल बिलाला जोडलेला असावा. तो नसेल तर बिल परत पाठवावे.